जुन्या मोटारीचा ताप

मोटारीच्या इंजिनाविषयी बोलताना सगळे जण शक्तीविषयी बोलतात. उष्णतेविषयी सहसा कोणी बोलत नाही. पण जाळलेल्या पेट्रोलचा हिशेब मांडला म्हणजे थक्क व्हायला होते. जुन्या पद्धतीच्या इंजिनात शंभर रुपयांचे पेट्रोल जाळले तर ढोबळ मानाने त्यातले पंचवीस रुपये चाकांच्या वाट्याला येतात, चाळीसेक रुपये धुराच्या नळीतून निघून जातात आणि उरलेले बहुतेक इंजिनाच्या भिंतींतून पाण्यात उतरतात. पाण्यात उतरलेला हा वाटा वेळच्या वेळी हवेत नेऊन टाकणे, एवढेच शीतनव्यवस्थेचे काम. ते अडले की पाणी उकळते, सिलिंडरचे हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते.

येथे एक शंका निघेल. जुनी मोटार बाळगणे ही हौसेची बाब. तिच्या पाण्याशी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. फियाट ११०० ही मोटार इटलीतल्या तुरिन शहरात जन्मली. पण १९६४ पासून तिचा ‘डिलाइट’ नावाचा अवतार मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात आमच्याच माणसांनी जुळवला. १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. काळ्यापिवळ्या रंगात ती मुंबईकरांची टॅक्सी झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून तिने कायमचा निरोप घेतला. इतकी वर्षे तिने किती चुली पेटत्या ठेवल्या! आता ज्या थोड्या उरल्या आहेत, त्या हौशी मालकांच्या दारात आहेत. पण त्या दुरुस्त करणारे हात कामगाराचेच आहेत. आणि गाडी उकळली की बोल त्या हातांनाच लागतो. म्हणून हे शास्त्र मालकाने आणि मेस्त्रीने, दोघांनीही समजून घ्यावे अशी आमची इच्छा आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. फिटरांच्या शेजारी उभे राहून आणि जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून जे कळले, ते पडताळून पाहिले, आणि तेच येथे सांगत आहोत.

उष्णतेची वाहतूक

पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे चाळीस अश्वांची. म्हणजे तीस किलोवॅटच्या आसपास. पूर्ण जोर लावला असता साधारण तेवढीच उष्णता पाण्यात उतरते असे धरू. एक किलोवॅटच्या तीस विजेच्या शेगड्या एका बादलीभर पाण्याखाली एकदम पेटवाव्यात, तसा हा प्रकार आहे. ती बादली उकळू द्यावयाची नाही, हा आपला प्रश्न.

उष्णता चार हातांतून जाते: लोखंडाकडून पाण्याकडे, पाण्याकडून रेडिएटरच्या नळ्यांकडे, नळ्यांकडून पातळ पापुद्र्यांकडे, आणि पापुद्र्यांकडून हवेकडे. बांधकामावर घमेली हातोहात देणाऱ्या मजुरांची रांग असते, तशी ही रांग समजा. रांगेतला सर्वांत दुबळा माणूस जेवढा माल पुढे देईल, तेवढाच माल शेवटी पोचतो; बाकीच्यांना कितीही खुराक दिला तरी उपयोग नाही.

या रांगेत दुबळे कोण? पाणी मोठे बळकट आहे. दर सेकंदाला एक लिटर पाणी फिरले, तर तीस किलोवॅट उष्णता वाहून नेताना ते अवघे सात अंशांनी निवते. हवेचे तसे नाही. तीच उष्णता हवेने न्यावयाची आणि हवा तीस अंशांनी तापवायची म्हटली, तरी दर सेकंदाला एक किलो हवा लागते. म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. एवढा वारा रेडिएटरच्या जाळीतून सतत गेला पाहिजे. दुबळा गडी हवा आहे. मात्र सुधारणा करावयाची म्हणताच लोक सर्वांत आधी मोठा पंप शोधू लागतात.

ही गोष्ट जुन्या यंत्रज्ञांनी ओळखली होती. १८८६ च्या बेंझच्या मोटारीत पाणी नुसते उकळून वाफ होऊन जाई आणि वरून भरावे लागे. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. हवेला स्पर्श करणारे क्षेत्रफळ वाढवणे हेच त्यातले इंगित. आजचा कोणताही रेडिएटर त्याच विचाराचा वंशज आहे.

तुरिनची गाडी आणि विदर्भाचा मे महिना

रेडिएटर किती उष्णता टाकील हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तपमानांतील फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. तीच गाडी मे महिन्यात चंद्रपुरास नेली आणि हवा ४५ अंशांवर गेली, तर फरक उरतो ४५ अंश. रेडिएटर तोच, पंखा तोच. पण कर्तबगारी दोन-तृतीयांशाहूनही खाली आली. त्यात मागाहून वातानुकूलन यंत्र बसवले असेल तर त्याची जाळी रेडिएटरच्या पुढे येते आणि आधीच तापलेली हवा आत ढकलते. गाडीत जन्मतः असलेली शिल्लक येथे संपते.

दुसरी कसोटी घाटाची. बोरघाटातला रस्ता १८३० मध्ये खुला झाला तो बैलगाड्यांसाठी. मोटारी आल्यावर तो रेडिएटरांची परीक्षा घेऊ लागला. चढावर इंजिन पूर्ण जोर लावते, गाडी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये रांगते. म्हणजे उष्णता सर्वांत जास्त आणि समोरचा वारा सर्वांत कमी. वर उंचीप्रमाणे पाणी लवकर उकळते ते वेगळेच: दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश. महाबळेश्वरी उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

नवा माल विकत घेण्यापूर्वी जुन्याची प्रकृती तपासावी. पहिला प्रश्न असा विचारावा: गाडी तापते केव्हा? गर्दीत, उभ्या उभ्या तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर दोष हवेचा; पंखा, पट्टा, जाळी तपासावी. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना तापत असेल, तर वारा भरपूर आहे. दोष पाण्याच्या वाटेत आहे. नळ्या चोंदल्या असतील, पंपाची पाती गंजून झिजली असतील, किंवा खालचा रबरी पाइप आतली स्प्रिंग गंजून गेल्यामुळे पंपाच्या ओढीने चपटा होत असेल. या एका प्रश्नाने निम्मे काम होते आणि मालकाचे पैसेही वाचतात.

बोअरच्या पाण्यातील क्षार हा जुन्या इंजिनाचा मुख्य शत्रू. इंजिनात साचलेला क्षारांचा एक मिलिमीटर थर उष्णतेला जवळजवळ दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या ओतीव लोखंडाइतका अडसर करतो. असा थर असताना बाहेर सोन्याचा रेडिएटर लावला तरी काय उपयोग? रांगेतला पहिलाच माणूस घमेले पुढे देत नाही. म्हणून इंजिनाचे पाण्याचे कप्पे आणि रेडिएटर वेगवेगळे करून, उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावेत. गाळ निघेपर्यंत धुवावेत. सिलिंडरच्या मागच्या बाजूस, जेथे पाणी मंद फिरते, तेथे गाळ घट्ट बसलेला आढळतो.

काही वेळा ताप शीतनव्यवस्थेचा नसतोच. ठिणगी उशिरा पडत असेल, मिश्रणात पेट्रोल कमी असेल, ब्रेक घासत असेल, तरी गाडी तापते. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉलमध्ये प्राणवायू अंगचाच असल्यामुळे जुन्या जेटच्या कार्बुरेटरमध्ये मिश्रण पातळ होते. तेही तपासून घ्यावे. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, गळती नसताना पाणी कमी होत असेल, किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट फुटले आहे असे समजावे. त्यावर मोठा पंखा हे औषध नव्हे.

थर्मोस्टॅटचा बळी

आपल्याकडे गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत आहे. थर्मोस्टॅट म्हणजे तपमान पाहून उघडणारे दार. थंड इंजिनात ते बंद राहते, साधारण ८२ अंशांच्या पुढे उघडू लागते. ते अडकले असेल तर गाडी तापते हे खरे. पण अडकलेले दार बदलावे, घर बिनदाराचे ठेवू नये. दाराशिवाय इंजिन नेहमी थंड चालते, ऑइलमध्ये पाण्याचा अंश साचतो, सिलिंडर लवकर झिजतात आणि पेट्रोल जास्त जळते. काही इंजिनांत पाण्याची एक आडवाट असते, ती थर्मोस्टॅट उघडताच बंद व्हावयाची असते. तेथे थर्मोस्टॅट काढला तर गरम पाणी रेडिएटर टाळून त्या आडवाटेनेच फिरत राहते आणि गाडी अधिकच तापते.

याच संदर्भात एक समजूत फार पसरली आहे: ‘पाणी फार वेगाने गेले तर त्याला निवायला सवड मिळत नाही.’ ऐकायला पटते, पण खरे नाही. पाणी गोल फिरते. रेडिएटरमध्ये ते जास्त वेळ रेंगाळले तर इंजिनातही तेवढेच जास्त वेळ रेंगाळणार आणि तापणार. हमालाने सावकाश चालावे म्हणजे दिवसाकाठी जास्त माल उतरेल, असे म्हणण्यासारखेच हे आहे. थर्मोस्टॅट नसल्याने गाडी तापते ती आडवाटेमुळे आणि हेडमधला पाण्याचा दाब घटून तापलेल्या जागी वाफेचे बुडबुडे धरतात त्यामुळे, वेगामुळे नव्हे.

थर्मोस्टॅट तपासणे अगदी सोपे. पातेल्यात पाणी घ्यावे, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लोंबकळत ठेवावा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी तपमापक धरावा आणि पाणी तापवावे. दार केव्हा उघडते ते डोळ्यांनी दिसते. ही परीक्षा प्रत्येक गॅरेजातल्या शिकाऊ पोराकडून करून घ्यावी. यंत्राचे शास्त्र त्याला एका सकाळी कळेल.

दाब आणि द्रव

रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नाही. ती स्प्रिंगची झडप आहे. आतला दाब वाढू दिला की पाणी उशिरा उकळते. समुद्रसपाटीवर चौरस इंचाला सात पौंड जादा दाब ठेवला तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळते; पंधरा पौंडांना १२१ अंशांना. पण म्हणून जुन्या गाडीवर नव्या गाडीचे झाकण चढवू नये. मूळ गाडीला जेवढा दाब दिला असेल तेवढ्यासाठीच तिचे डाख, पाइप आणि पंपाचे सील बनलेले असतात. शिवाय झाकण पाणी उकळणे लांबवते, उष्णता कमी करीत नाही. हा भेद लक्षात ठेवावा. मूळ दाबाचेच, पण रबर ताजे असलेले झाकण आणि बाहेर सांडलेले पाणी निवल्यावर परत ओढून घेणारी बाटली, एवढी सुधारणा स्वस्त आहे आणि निर्धोकही.

पाण्यात मिसळायचा शीतक द्रव, म्हणजे बहुधा ग्लायकॉल, याविषयीही गैरसमज आहे. तो घातल्याने उत्कलनबिंदू वाढतो आणि गंज थांबतो हे खरे. परंतु उष्णता वाहून नेण्यात साधे पाणीच श्रेष्ठ. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असले तर वहनशक्ती जवळजवळ एक-पंचमांशाने कमी होते. आमच्या हवेत पाणी गोठण्याची भीती नाही. म्हणून प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास पुरते. त्याखाली मात्र नेऊ नये, कारण मग गंजरोधक द्रव्ये अपुरी पडतात. पाणी बॅटरीत घालतो तसले शुद्ध वापरावे. ज्या रेडिएटरला पितळ आणि डाख आहे, त्यास चालेल असे बाटलीवर स्पष्ट लिहिलेलाच द्रव घ्यावा. आणि हा द्रव गोडसर पण विषारी असतो. तो गटारात किंवा उघड्या ताटलीत ठेवू नये. मुले आणि जनावरे तो पितात.

रेडिएटर: तांब्याचा की ॲल्युमिनियमचा?

जुना रेडिएटर पितळी नळ्यांचा आणि तांब्याच्या पापुद्र्यांचा, डाखाने जोडलेला असतो. हल्ली ॲल्युमिनियमचे नवे रेडिएटर मिळतात. तांबे उष्णता ॲल्युमिनियमहून अधिक चांगली वाहते. तरी ॲल्युमिनियमचे चांगले चालतात, कारण त्यांच्या नळ्या रुंद करता येतात, क्षेत्रफळ वाढते आणि वजन कमी राहते. म्हणजे पुन्हा धातूपेक्षा क्षेत्रफळ मोठे.

पण आमचे मत विचाराल तर मूळ रेडिएटरच्या टाक्या ठेवून मधला गाभा नवा, अधिक दाट पापुद्र्यांचा घालून घ्यावा. बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते आणि आतून नवी होते. दुसरे कारण असे की तांबे-पितळ फुटले तर गावातला कारागीर डाख लावून तासाभरात गाडी रस्त्यावर आणतो. ॲल्युमिनियमला ती विद्या चालत नाही. हे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरत चालले आहेत. त्यांच्या डाखात शिसे असते, धुराडे नसलेल्या खोपटात ते वर्षानुवर्षे तो धूर घेतात. काम देताना भाव पाडण्यापेक्षा हवेशीर जागेत काम होते की नाही हे पाहणारा मालक आम्हाला अधिक सुसंस्कृत वाटतो.

वाऱ्याची व्यवस्था

दुबळा गडी हवा, हे आधी सांगितले. तिला बळ देण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पंख्याभोवतीचे पत्र्याचे वेष्टण. ते नसले तर पंखा आपल्याच पात्यांच्या टोकांशी हवा घुसळत बसतो आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांतून वारा ओढलाच जात नाही. रेडिएटरच्या कडेच्या फटी रबराच्या पट्टीने बुजवाव्यात, नाही तर बॉनेटखालची गरम हवा फिरून पुढे येते. जाळीतला चिखल आणि किडे पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे काढावेत. पुढे हौसेने लावलेले जादा दिवे आणि भोंगे वारा अडवतात, तेही उतरवावेत.

त्यानंतर विजेचा पंखा. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो. म्हणजे गर्दीत, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हाच तो मंद असतो. विजेचा पंखा पूर्ण वेगाने फिरतो, ही त्याची खरी योग्यता. तो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा बसवावा. पुढे बसवला तर वाऱ्याच्या वाटेत येतो. ९२ अंशांच्या आसपास चालू आणि त्याखाली पाचेक अंशांवर बंद करणारा तापस्विच, रिले, फ्यूज आणि जाड तार हे सर्व हवेच.

परंतु येथे एक खाच आहे. असा पंखा दहा ते पंधरा अँपिअर वीज खातो. जुन्या गाड्यांत डायनामो असतो. त्याची एकूण ऐपत वीस अँपिअरच्या आसपास, आणि इंजिन संथ चालत असता तो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे गर्दीत पंखा बॅटरीवर जगणार आणि रात्री दिवे लावून अडकलात तर बॅटरी बसणार. म्हणून आधी अल्टर्नेटर, मग विजेचा पंखा. हा क्रम उलटू नये. एका अवयवाला बढती दिली की त्याचा भार दुसऱ्या कोणावर पडतो हे पाहिलेच पाहिजे. ही गोष्ट कारखान्यात जितकी खरी, तितकीच बॉनेटखालीही.

आणखी एक धोरण सांभाळावे. जे बसवाल ते भोक न पाडता, कापाकापी न करता, मूळ भाग जपून ठेवून बसवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते, ती मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत भरीव फेरबदल नसलेली असेल तरच. उद्या कोणाला गाडी पूर्ववत करावीशी वाटली तर ती करता आली पाहिजे.

हात सांभाळा

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही ते उघडले जाते. का उघडले जाते? कारण मालक घड्याळाकडे बोट दाखवून उभा असतो. दाबाखालचे ११० अंशांचे पाणी झाकण सैल होताच क्षणात वाफ होऊन उसळते. एका गॅरेजात अशाच घाईत सोळा-सतरा वर्षांच्या मदतनिसाचा कोपरापर्यंतचा हात भाजला आणि तो घरी बसला त्या दिवसांचा पगार कापला गेला. आम्ही भांडून तो मिळवून दिला. कातडी मात्र भांडून परत मिळत नाही. इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे, वरचा पाइप हाताने दाबून पाहावा, मगच जाड फडके टाकून झाकण उघडावे. तापलेल्या कोरड्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये. ओतीव लोखंडाला तडा जातो. जुन्या गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडून धूळ उडवू नये, ओले करून काढावे. आणि विजेचा पंखा किल्ली काढल्यावरही सुरू होऊ शकतो. बॅटरीची तार सोडविल्याशिवाय तेथे बोट घालू नये.

तात्पर्य थोडक्यात असे. आधी रोग ओळखा; मग धुवा आणि गळती थांबवा; थर्मोस्टॅट आणि झाकण योग्य ते बसवा; वाऱ्याची वाट मोकळी करा; नंतर गाभा दाट करा; आणि सर्वांत शेवटी, विजेची तरतूद करून, पंखा बसवा. या क्रमाने गेल्यास पुष्कळांना शेवटच्या पायरीपर्यंत जावेच लागत नाही. ज्यांनी ही गाडी कुर्ल्यात जुळवली त्यांनी ती चालण्यासाठी जुळवली होती, दिवाणखान्यात ठेवण्यासाठी नव्हे. ती घाट चढून वर गेली आणि तिच्या पायी कोणाचा हात भाजला नाही, तर त्या कामाचे चीज झाले असे आम्ही समजू.